चौदा वर्षं झाली, मग भाऊ सुटत का नाही?

प्रश्न : माझ्या भावाला मार्च २०१० मध्ये अटक झाली. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत शेजाऱ्याचा जीव गेला. डिसेंबर २०१२ मध्ये कलम ३०२ खाली जन्मठेप लागली. अटकेपासून जामीन मिळालाच नाही. आत राहून त्याने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, सुतारकाम शिकला. कोरोनात जून २०२० ते मे २०२२ पॅरोलवर घरी होता. त्याआधी एकदा पॅरोलवरून ११ दिवस उशिरा हजर झाला. आज साडेपंधरा वर्षं झाली. जेलमध्ये विचारलं की ‘प्रस्ताव चाललाय’ एवढंच सांगतात. पोलीस गावात चौकशीला आले तेव्हा काही लोक म्हणाले, ‘तो आला तर परत भांडणं होतील.’ आता हायकोर्टात जावं का?

उत्तर : ताई, पत्रासोबत तुम्ही आईच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवलाय. दर महिन्याला एक काडी, बारा काड्या झाल्या की आडवी रेघ. ते पान मी दोनदा मोजलं. माउलीने एकही महिना चुकवलेला नाही, पण २०२० ते २०२२ च्या काड्याही त्यात आहेत, आणि घोळ तिथेच झालाय.

कायदा ‘प्रत्यक्ष’ १४ वर्षं मागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७५. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली, तर १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकार मुदतपूर्व सोडू शकत नाही. खटला चालू असताना आत काढलेला काळ यात धरतात, तो तुमच्या बाजूने आहे. पॅरोलचा काळ मात्र धरत नाहीत. कोरोनातल्या पॅरोलबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. फर्लोचे, म्हणजे ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणाऱ्या संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात. पॅरोल आणि फर्लो यांची गल्लत करू नका. साडेपंधरातून जवळपास दोन वर्षं गेली की भावाची साडेतेराच्या आसपास भरतात. आज हायकोर्टात गेलात तर सरकारी वकील हाच हिशेब पुढे ठेवतील आणि आपली फी वाया जाईल.

दुसरं म्हणजे, १४ भरली की गेट उघडतं असंही नाही. जन्मठेप म्हणजे २० वर्षं, जेलमध्ये दिवस-रात्र वेगळे मोजतात, या पारावरच्या गप्पा आहेत. (वीसचा आकडा दंड संहितेत आहे खरा, पण तो शिक्षेचा हिस्सा, जसं निम्मी शिक्षा, मोजण्यापुरता.) जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ मध्येच ठरलं. चौदाव्या वर्षानंतर मिळतो तो आपल्या प्रकरणाचा नियमाप्रमाणे विचार होण्याचा हक्क.

तो विचार कोणत्या नियमांनी व्हायचा? शिक्षा लागली त्या दिवशी जे धोरण होतं त्याने. नंतरचं धोरण कैद्याला जास्त सवलतीचं असेल तर त्याने. हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या जगदीश प्रकरणातलं. तुमच्या भावाला म्हणून राज्याची २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं लागतील. त्यात गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वर्ग पाडलेत आणि प्रत्येक वर्गाला माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल आणि कामाबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, धरून किती वर्षं भोगायची ते ठरवलंय. अचानक उसळलेलं भांडण आणि ठरवून केलेला खून यांत काही वर्षांचा फरक पडतो. हायकोर्टातली निम्मी भांडणं या वर्गावरूनच असतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा आधी निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा. हत्यार आधीपासून सोबत होतं की जागेवर हाताला लागलं, याबद्दल न्यायाधीशांनी काय लिहिलंय ते शोधा. तुमच्या भावाची दोन-चार वर्षं त्या परिच्छेदात अडकलेली असू शकतात.

गावकऱ्यांच्या बोलण्याने घाबरू नका, पण ते उडवूनही लावू नका. पोलिसांचा अहवाल आणि खटला चालवणाऱ्या न्यायालयाचं मत फाइलमध्ये जातंच. न्यायालयासमोर तो तरुण पोरगा आहे, ज्याने शेजाऱ्याला मारलं. नंतरचा माणूस त्यांनी पाहिलेला नाही. म्हणूनच २०२३ च्या राजो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे अहवाल डोळे मिटून मानू नका, आतली वागणूक आणि सुधारणा पाहा, असं बजावलं. हा माणूस पुन्हा गुन्हा करेल का आणि त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, हे मुद्दे त्याच्याही आधी, २००० च्या लक्ष्मण नासकर प्रकरणापासून आहेत.

पण सुधारणा कागदावर असावी लागते. पदवीचं प्रमाणपत्र, सुतारकामाच्या कामाची नोंद, अधीक्षकांचा शेरा हे सगळं प्रस्तावासोबत आहे का ते लेखी विचारा. तो दुसऱ्या कैद्यांचे अर्ज लिहून देतो असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते कुठेच नोंदलेलं नसणार, नोंदवून घ्या. सुटल्यावर तो गावात न राहता तुमच्याकडे राहणार असेल, तर तसं तुमचं प्रतिज्ञापत्र द्या. गावातल्या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

मृताच्या घरी ‘आमची हरकत नाही’ असं लिहून घ्यायला मात्र कोणालाही पाठवू नका, मामांनाही नाही. त्यांचा माणूस गेलाय. अशी भेट दबाव ठरते आणि सगळ्या फाइलवर बोळा फिरतो.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलंय की धोरण असेल तिथे कैद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने पात्र प्रकरणं स्वतःहून विचारात घ्यायची, आणि नकार द्यायचा तर थोडक्यात का होईना कारणं द्यायची. तरीही एक अर्ज द्याच, पोच घ्या. १४ वर्षं भरूनही हालचाल नाही किंवा कारणाविना नकार आला, तर हायकोर्ट आहे. तेव्हा पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

राहिले ते ११ दिवस. त्याबद्दल त्याची माफी कापली गेली असणारच, म्हणजे शिक्षा भोगून झाली. सुटका कायमची अडवायला तेवढं कारण पुरू नये. उशीर का झाला होता, हे पत्रात नाही. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा त्याच्याकडून ते नीट विचारून घ्या, आणि हिस्ट्री तिकिटावरच्या, म्हणजे जेलमधल्या त्याच्या नोंदपत्रावरच्या, पॅरोल-फर्लोच्या सगळ्या तारखा उतरवून आणा. त्यावरून १४ नेमकी कुठल्या दिवशी भरतात ते मी काढून देतो.