लंडनच्या लाल सायकलींवर रोज नऊच्या लेक्चरसाठी विसंबता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणार माइल एंडला, कॉलेज ऑल्डविचजवळ, लेक्चर सकाळी नऊला. सँटँडरच्या भाड्याच्या सायकलींवर रोज भरवसा ठेवावा का, आणि वर्षाचं सभासदत्व घ्यावं की लागेल तसे पैसे भरावेत?

भरवसा ठेवता येईल. पण 'सायकल मिळेल का' हा तुमचा अर्धाच प्रश्न झाला. सायकल परत लावायला जागा मिळेल का, हा उरलेला अर्धा, आणि तुमच्या रस्त्यावर तोच जास्त अवघड आहे. लंडनला नव्याने आलेले बहुतेक जण इथेच फसतात. सायकल मिळाली म्हणून निर्धास्त होतात आणि नऊला दहा कमी असताना भरलेल्या स्टँडसमोर उभे राहतात.

ही योजना ३० जुलै २०१० ला सुरू झाली तेव्हा ३१५ स्टँड आणि ५,००० सायकली होत्या. आज साधारण ८०० स्टँड आणि १२,००० च्या वर सायकली आहेत. योजनेच्या हद्दीत एका स्टँडपासून दुसरा बहुतेक ठिकाणी ३०० ते ५०० मीटरवर सापडतो. म्हणजे एकूण तुटवडा नाही. धरणात पाणी आहे, तुमच्या नळाला ते किती वाजेपर्यंत असतं एवढंच बघायचं. (हद्द मात्र ध्यानात ठेवा. वेम्ब्ली, हॅरो, हाउन्स्लो या आपल्या लोकांच्या वस्त्यांमध्ये हे स्टँड नाहीत. पुढेमागे घर बदलणार असाल तर आधी नकाशा बघा.)

सकाळी सायकली दोन ठिकाणांहून निघतात. एक म्हणजे राहत्या वस्त्या: तुमचा माइल एंड, बेथनल ग्रीन, हॅक्नी, इस्लिंग्टन. दुसरं म्हणजे मोठी रेल्वे स्टेशनं, मुख्यतः वॉटरलू आणि किंग्ज क्रॉस. बाहेरगावहून गाडीने येणारे लोक तिथे उतरून सायकल घेतात. या सगळ्या सायकली जाऊन पडतात त्या सिटी, होबर्न, सोहो या कचेऱ्यांच्या भागात. संध्याकाळी हेच उलटं. व्हॅन आणि ट्रेलरने सायकली इकडून तिकडे हलवतात, पण सकाळच्या वाहतुकीत एका फेरीला लागणारा वेळ आणि एका व्हॅनमध्ये मावणाऱ्या सायकली बघता, लोंढ्याला पुरं पडणं शक्यच नसतं. सात वाजता दिसणारी स्थिती रात्रीच्या हलवाहलवीची असते, साडेआठची स्थिती लोकांनी केलेली असते. इस्लिंग्टनसारख्या चढावरच्या भागात तर लोक उतारावर सायकल घेऊन जातात आणि परत चढ चढायला नको म्हणून बसने येतात, त्यामुळे तिथला रितेपणा आपोआप भरत नाही. तुमचा रस्ता सपाट आहे, ती काळजी तुम्हाला नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक काम करा. घराजवळचे दोन आणि कॉलेजजवळचे तीन स्टँड निवडा. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७:३० पासून दर दहा मिनिटांनी त्या पाचांचे आकडे अ‍ॅपवर बघून कागदावर उतरवा: उभ्या सायकली किती, रिकामे डॉक (एकेक सायकल लावायची जागा) किती. पाच दिवसांत प्रत्येक स्टँडची सवय कळते. एखादा ८:०५ ला रिकामा होतो, पलीकडच्या गल्लीतला ८:२५ पर्यंत टिकतो. कॉलेजच्या बाजूला कोणता आधी भरतो तेही दिसतं. कोरडा दिवस आणि पावसाचा दिवस यांवर खूण करा, कारण पावसात सायकली उरतात आणि पहिल्या उन्हाच्या दिवशी अर्धा तास आधीच संपतात.

आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली: सायकली एक किंवा दोन दिसत असतील तर ते शून्य समजा. चांगल्या सायकली आधी उचलल्या जातात, मागे राहते ती हवा गेलेली किंवा सीट घसरणारी. कोणीतरी ती काढून पाहिलेली असते आणि तक्रार न करता परत लावलेली असते, म्हणून यंत्रणेच्या हिशेबात ती अजून 'उपलब्ध'च असते. शिवाय माहिती काही मिनिटं जुनी असते आणि सायकल आधी राखून ठेवायची सोय नाही. तीन किंवा जास्त दिसल्या तरच त्या दिशेने चाला.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. लंडनच्या वाहतूक खात्याने प्रत्येक स्टँडची ताजी माहिती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यात तीन आकडे असतात: एकूण डॉक, उभ्या सायकली, रिकामे डॉक. समजा एकूण डॉक २७, सायकली ९, रिकामे १६. बेरीज २५ भरते. उरलेले दोन म्हणजे बंद पडलेले डॉक, किंवा नादुरुस्त म्हणून अडवून ठेवलेली सायकल असलेले डॉक. हा फरक एखाद्या स्टँडवर आठवडाभर तसाच राहिला तर तो स्टँड वाटतो त्यापेक्षा लहान आहे असं धरून चाला. लहान स्टँडवर दोन डॉक गेले तर मोठा फरक पडतो, वॉटरलूच्या मोठ्या स्टँडवर जाणवतही नाही.

आता प्रत्यक्ष सायकल घेताना. अ‍ॅपमधून पाच आकड्यांचा कोड मिळतो, त्यात फक्त १, २ आणि ३ असतात, कारण डॉकवर बटणंच तीन आहेत. कोड दहा मिनिटांत आणि त्याच स्टँडवर वापरावा लागतो. म्हणून वाटेत चालताना कोड घेऊ नका. आधी स्टँडवर पोचा, सायकल निवडा, मग कोड घ्या. निवडायला वीस सेकंद पुरतात. दोन्ही टायर अंगठ्याने दाबा. दोन्ही ब्रेक ओढून बघा, दांडा हँडलला टेकत असेल तर सोडून द्या. पेडल हाताने उलटं फिरवा, अडकायला नको. सीटची पकड उघडून उंची लावा आणि बंद केल्यावर सीट दोन्ही हातांनी जोरात पिळून बघा. सीट वळली तर ती माइल एंड रोडवर हळूहळू खाली बसत जाणार आणि गुडघे दुखणार.

गिअरकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तो चालवल्याशिवाय कळत नाही. साध्या सायकलीला तीन गिअर असतात, तेही मागच्या चाकाच्या तुंब्याच्या आत. तार थोडी ढिली झाली की गिअर दोन टप्प्यांच्या मध्ये अडकतो. अशा वेळी जोर दिला की पाय एकदम रिकामा फिरतो, आणि सिग्नल सुटल्यावर उभं राहून पेडल मारणारा माणूस यातच पडतो. म्हणून सायकल काढल्यावर पहिल्या वीस मीटरात, बसूनच, तिन्ही गिअर टाकून बघा. टाकताना पेडलवरचा जोर क्षणभर सोडा. एखादा गिअर घसरत असेल तर लगेच मागे फिरा. सायकल डॉकला लावा आणि डॉकवरचं पान्याचं चिन्ह असलेलं बटण दाबा. लाल दिवा लागतो, सायकल बाद होते आणि दुरुस्तीच्या यादीत जाते. हे बटण दाबायचा कंटाळा करू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. या योजनेत खराब सायकल शोधणारे डोळे मुख्यतः चालवणाऱ्यांचेच आहेत. तुम्ही बटण दाबलं नाही तर दोन मिनिटांनी येणारा तीच सायकल घेतो, आणि तो कदाचित गिअर तपासणार नाही.

लावताना घाई करू नका. साध्या सायकलीचं वजन तेवीस किलोच्या आसपास आहे, ती हलकेच टेकवून कुलूप लागत नाही. पुढच्या चाकापाशी असलेला त्रिकोणी तुकडा डॉकच्या खाचेत जायला हवा. सायकल सरळ रेषेत धरा, थोडी मागे घ्या आणि एका दमात आत ढकला. मग थांबा. हिरवा दिवा लागेपर्यंत जागचं हलू नका. हिरवा लागल्यावरही सायकल एकदा मागे ओढून बघा. हिरवा लागला नाही तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही अजून सायकल चालवताय. मीटर चालू राहतं, आणि सायकल परत आलीच नाही तर ३०० पौंडांपर्यंत वसुली होऊ शकते. खाचेत पानं किंवा कचरा अडकलेला असतो, कधी डॉकच बंद असतो. शेजारच्या डॉकमध्ये लावा. तिथेही नाही लागली तर डॉकचा नंबर आणि सायकलीचा नंबर दोन्ही दिसतील असा फोटो काढा आणि तिथूनच मदत केंद्राला फोन करा. घरी जाऊन केलेल्या फोनला तेवढं वजन नसतं.

तुमचा खरा पेच ऑल्डविचला आहे. साडेआठनंतर होबर्न आणि स्ट्रँडच्या पट्ट्यातले स्टँड भरत जातात. सगळे उत्तरेला, ब्लूम्सबरीकडे जागा शोधत जातात आणि तिथेही तीच गर्दी असते. तुम्ही उलट करा, वॉटरलू पूल ओलांडून दक्षिणेला जा. वॉटरलू स्टेशनात उतरलेल्या लोकांनी त्याच तासात तिथल्या सायकली उचललेल्या असतात, त्यामुळे रिकामे डॉक मिळण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त. पुलावरून चालत ऑल्डविचला परत यायला दहा-पंधरा मिनिटं धरा. संध्याकाळी मात्र हीच युक्ती अंगाशी येते, कारण सहाच्या सुमारास तेच लोक वॉटरलूला सायकली लावायला येतात.

वेळेचा हिशेब असा. माइल एंडहून सायकलमार्ग २ ने व्हाइटचॅपलवरून ऑल्डगेट, तिथून टॉवर हिलला उतरून सायकलमार्ग ३ ने थेम्सच्या काठाने टेम्पल, आणि वर ऑल्डविच. बराचसा रस्ता गाड्यांपासून वेगळा काढलेला आहे. अंतर सात-साडेसात किलोमीटर. सिग्नल धरून या जड सायकलीवर तेरा-चौदाचा वेग पडतो, म्हणजे ३२ ते ३५ मिनिटं. त्यात सायकल घ्यायला पाच आणि जागा शोधायला पंधरा मिळवा. घरातून आठला पाच कमी असताना निघा.

हीच ३२ मिनिटं पैशांचा निकाल लावतात. एका फेरीला १.६५ पौंड, पण ते ३० मिनिटांपुरते. पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला आणखी १.६५. म्हणजे तुमची एक फेरी ३.३० ची. महिन्याचं सभासदत्व २० पौंड आणि त्यात प्रत्येक फेरीला ६० मिनिटं मिळतात. सातव्या फेरीलाच ते वसूल होतं, तुमच्या चौथ्या दिवशी. वर्षाचं १२० पौंड, म्हणजे सहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने. हे दर २०२२ च्या सप्टेंबरपासूनचे आहेत, पैसे भरण्याआधी अ‍ॅपवर एकदा ताडून बघा. पहिला महिना मासिक घ्या, वर सांगितलेले आकडे त्या काळात गोळा करा, जमतंय असं दिसलं तर वार्षिक करा. सभासद नसलेल्या पाहुण्यांसाठी दिवसाचा पास आहे (२०२४ मध्ये तो ३ पौंडांना होता). त्यात अर्ध्या तासाच्या कितीही फेऱ्या होतात, म्हणून टॉवर हिलला सायकल लावून दुसरी घेतली की जादा आकार पडत नाही. विजेवरच्या सायकली २०२२ च्या ऑक्टोबरात आल्या. त्यांना सभासदाकडून फेरीमागे एक पौंड जादा घेतात आणि सकाळी त्या सगळ्यात आधी संपतात. त्यांच्यावर बेत आखू नका.

आधी ठाऊक असणारे वाईट दिवस कॅलेंडरवर टाकून ठेवा. ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, संप असला की अख्खं शहर सायकलींवर तुटून पडतं. ९ जुलै २०१५ च्या संपात एका दिवसात ७३ हजारांवर फेऱ्या झाल्या होत्या. एप्रिलमधली मॅरेथॉन आणि ऑगस्टअखेरचा नॉटिंग हिल कार्निव्हल या वेळी त्या त्या भागातले स्टँड बंद ठेवतात. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी हाइड पार्कच्या कडेला सायकल लावायला जागा मिळणं कठीण.

परीक्षेच्या दिवशी आणि संप नसताना, ७:५५ ला घराजवळच्या दोन्ही स्टँडवर मिळून पाचपेक्षा कमी सायकली दिसल्या तर वाट बघू नका. ट्यूबची सेंट्रल लाइन माइल एंडहून थेट होबर्नला जाते, पाव तासाच्या आसपास लागतो. खिशात कार्ड असू द्या आणि सरळ जिना उतरा.