दिव्याखालची भाजी : आधी ऊन मोजा

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी उत्तरेला, समोर दुसरा टॉवर. दिवाळीनंतर हॉलमधल्या बल्बखाली मेथी आणि टोमॅटो लावले. मेथी दोऱ्यासारखी वाढून आडवी पडली. थंडीने असे झाले का? जांभळे ग्रो-लाइट घ्यावेत का?

उत्तर : थंडीला बोल लावू नका. आपल्याकडे डिसेंबरातही बहुतेक रात्री पारा १५ अंशांच्या खाली जात नाही. मेथी, पालक, कोथिंबिरीला याहून चांगला हंगाम नाही. दिव्याखालच्या बागेचे व्हिडिओ बहुधा बर्फाच्या मुलखातले असतात. तुमची अडचण समोरच्या टॉवरची आहे. डिसेंबरअखेर सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आत येते, उत्तरेला कवडसाही नाही. म्हणून आधी सुट्टीच्या दिवशी घरभर ऊन मोजा. एखाद्या खिडकीत सलग चार तास मिळाले, तर पालेभाजीसाठी दिवा घेऊच नका.

उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात ताणते, तीच तुमची दोरा-मेथी. ४ फुटी, २० वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब शेंड्यांपासून वीतभर उंचीवर टांगा आणि रोज १२ ते १४ तास लावा. रोपांना लागणारे निळा-तांबडा दोन्ही रंग पांढऱ्या उजेडात असतात. जांभळ्यात पान पिवळे पडले तरी कळत नाही. रात्रभर मात्र चालू ठेवू नका, दिवस लांबला की पालक आणि कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर जातात. टोमॅटोला एवढा उजेड पुरणार नाही, तो नाद सोडा.

विजेचे गणित : १४ तासांना अर्ध्या युनिटहून थोडे जास्त, महिन्याला साधारण १७ युनिट. वाशी मार्केटची जुडी स्वस्त पडेल, हे आधीच सांगतो.

तरीही हौस असेल तर समुद्रमेथी करा. आपल्या किनाऱ्यावर रेतीत होते तीच, पांढऱ्या देठाची बारीक जुडी. सुरुवातीचे अन्न बियातच असल्याने हिला उजेड कमी लागतो. चार बोटे खोल, तळाला छिद्रे असलेला ट्रे घ्या. रेती धुतलेली हवी, चौपाटीची खारी नको. मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरा, वर रेतीचा पातळ थर द्या. १० ते १५ दिवसांत मुळासकट उपटा.

ऐरोलीहून एका ताईंनी विचारले आहे की ट्रेमधली रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पाणी जास्त होते आहे, ताई. वरची रेती सुकल्याशिवाय शिंपडू नका आणि पंख्याची हवा लागू द्या. बी मात्र स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच घ्या. दुकानातल्या रंगीत बियांना बुरशीनाशक चोळलेले असते आणि ही भाजी पंधरवड्याच्या आत पोटात जाते.