‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’मध्ये सगळे नुसते बोलतच का राहतात?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : १९९२ सालच्या ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’मध्ये जवळजवळ शंभर मिनिटं माणसं नुसती बोलत असतात, चोरी होते तीसुद्धा पडद्यावर दिसत नाही, मग या चित्रपटाला एवढं का नावाजतात? ॲलेक बाल्डविनचं ते गाजलेलं भाषण प्रेरणादायी मानायचं का? आणि मूळ नाटक वाचावं का? चित्रपट तुम्ही पाहिलाय, त्यामुळे शेवट लपवून ठेवत नाही.

या चित्रपटात जे घडतं ते सगळं बोलण्यातूनच घडतं. चोरीचा कट बोलण्यात शिजतो, जमीन बोलण्यात विकली जाते, झालेला सौदा एका वाक्याने मोडतो. चोरी करणारा सेल्समन शेली लेव्हीन पकडला जातो तोही स्वतःच्याच तोंडून निसटलेल्या वाक्यामुळे. पोलीस आतल्या खोलीत एकेकाला बोलावून जबाब घेत असतात, पण चोर सापडतो तो बाहेर, सहकाऱ्यांच्या भांडणात. म्हणून रात्री ऑफिस फोडताना दाखवायची गरज दिग्दर्शक जेम्स फोली यांना पडली नाही. दार कसं फोडलं यापेक्षा ते फोडायला कोणी कोणाला कसं तयार केलं, हे बघण्यासारखं आहे.

आधी त्या ऑफिसचा हिशेब समजून घेऊ, कारण सगळ्यांची घुसमट तिथूनच येते. चार सेल्समन आहेत. ते लोकांना दूरवरचे, कधी न पाहिलेले जमिनीचे तुकडे ‘गुंतवणूक’ म्हणून विकतात. त्या जागांना ग्लेनगॅरी हायलँड्स, ग्लेन रॉस फार्म्स अशी भारदस्त नावं दिलेली असतात. विकायला लागतात ‘लीड्स’, म्हणजे ज्यांनी कधीतरी थोडी उत्सुकता दाखवली अशा लोकांची नावं आणि फोन नंबर. ताज्या, चांगल्या लीड्स मॅनेजरच्या कुलपात आहेत आणि त्या मिळणार फक्त चांगली विक्री करणाऱ्याला. ज्याची विक्री थंडावली त्याला जुन्या, दहा जणांनी आधीच छळून झालेल्या लीड्स. त्या घेऊन विक्री होत नाही, आणि विक्री नाही म्हणून चांगल्या लीड्स नाहीत. एकदा खाली घसरलेल्या माणसाला या व्यवस्थेत वर यायला रस्ताच ठेवलेला नाही. लेव्हीनकडे एके काळी ‘मशीन’ म्हणून बघितलं जायचं, आता त्याची मुलगी हॉस्पिटलमध्ये आहे आणि हातात शिळी कार्डं आहेत.

ही दुनिया नाटककार डेव्हिड मॅमेट यांनी कल्पनेतून उभी केलेली नाही. तरुणपणी त्यांनी शिकागोतल्या अशाच एका जमीनविक्रीच्या ऑफिसात काम केलं होतं. अमेरिकेत दूरच्या राज्यांतली जमीन न बघता गळ्यात मारण्याचे प्रकार इतके वाढले होते की १९६८ साली त्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला. चित्रपटातला लिंक नावाचा ग्राहक सौदा रद्द करायला धावत येतो आणि त्यासाठी मिळणारे ‘तीन दिवस’ म्हणजे ‘कामाचे दिवस’ का, असा घोळ चालतो, त्यामागे अशाच फसवणुकीची पार्श्वभूमी आहे.

आता ते भाषण. बाल्डविनचा ब्लेक मुख्य कार्यालयातून येतो, सात-आठ मिनिटं बोलतो आणि निघून जातो. पहिलं बक्षीस कॅडिलॅक गाडी, दुसरं सुऱ्यांचा संच, तिसरं म्हणजे नोकरीवरून हकालपट्टी. कॉफी ओतून घेणाऱ्या लेव्हीनला तो कॉफीसुद्धा खाली ठेवायला लावतो, कारण कॉफी फक्त सौदे पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. स्वतःचं घड्याळ दाखवून सांगतो की हे तुझ्या गाडीपेक्षा महाग आहे.

मी स्वतः काही काळ फोनवरून विमा विकलाय आणि आमच्या प्रशिक्षणात हीच क्लिप दाखवली गेली होती. टाळ्याही पडल्या. बाल्डविनने काम केलंय तेच इतकं झणझणीत की टाळ्या पडणं समजू शकतो. पण तुम्हाला मनापासून सांगतो, हे भाषण प्रेरणादायी मानू नका. नीट ऐका, त्यात विक्री कशी करावी याबद्दल जवळपास काहीच नाही. फळ्यावर दोन-तीन सूत्रं आहेत, बाकी सगळा अपमान. एक सेल्समन विचारतो की लीड्सच कमकुवत आहेत, त्याचं काय? त्याला उत्तर मिळतं की लीड्स कमकुवत नाहीत, तू कमकुवत आहेस. हा चित्रपटातला एकमेव व्यावहारिक प्रश्न होता आणि तो असा चिरडला जातो. चांगल्या लीड्स ब्लेक बरोबर आणतो, फीत बांधलेला गठ्ठा सगळ्यांना दाखवतो, आणि तुम्हाला देणार नाही म्हणतो. त्या रात्री त्या भाषणामुळे काय झालं ते बघा : दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस फोडलेलं होतं. भाषण ऐकून कोणी चांगला सेल्समन झाला नाही, एक चोर मात्र झाला. आणि त्या रात्री खराखुरा सौदा केला तो चौघांतल्या रिकी रोमाने, जो भाषणाला हजरच नव्हता.

हा प्रसंग मूळ नाटकात नाही, मॅमेट यांनी तो चित्रपटासाठी नव्याने लिहिला. माझ्या मते चित्रपटाला त्याचा फायदा झाला. नाटकात दडपण हवेत असतं, इथे त्याला चेहरा मिळाला.

‘काही घडत नाही’ असं वाटत असेल तर मॉस आणि ॲरोनाऊ या उरलेल्या दोन सेल्समनांचा प्रसंग पुन्हा बघा. एड हॅरिसचा मॉस चिडलेला आहे, ॲलन आर्किनचा ॲरोनाऊ घाबरलेला. मॉस कंपनीला शिव्या घालत घालत म्हणतो की कोणीतरी या लीड्स चोरून प्रतिस्पर्ध्याला विकायला हव्यात. ॲरोनाऊ विचारतो, आपण हे खरंच बोलतोय की नुसतं बोलतोय? नुसतं बोलतोय, असं उत्तर मिळतं. आणि हळूहळू, एकेक वाक्य पुढे सरकवत, मॉस त्याला अशा जागी आणून उभा करतो की चोरी तूच करायची आणि नाही केलीस तरी तू सामील आहेस. का? तर तू ऐकून घेतलंस म्हणून. एका माणसाचं आयुष्य समोरासमोर बसून विकत घेतलं जातं आणि त्याने एकदाही ‘हो’ म्हटलेलं नसतं. मॉसने सहकाऱ्यावर वापरली ती नेमकी ग्राहकावर वापरायची पद्धत आहे : समोरच्याला आपलंच म्हणणं दोनदा-तीनदा उच्चारायला लावायचं, म्हणजे ते त्याला स्वतःचंच वाटू लागतं. शेवटी चोरी केली ती मात्र लेव्हीनने.

याच्या उलट रोमाची पद्धत. अल पचिनोचा रोमा बारमध्ये जोनाथन प्राइसच्या लिंकशी गप्पा मारतो. नीतीबद्दल, भीतीबद्दल, आयुष्यात मागे वळून बघताना काय आठवतं याबद्दल. कितीतरी वेळ जमिनीचा विषयच नाही. लिंक हा एकाकी, बायकोला वचकून असलेला माणूस आहे आणि त्याच्याशी इतक्या जवळिकीने बहुधा कोणी बोललेलंच नाही. शेवटी रोमा सहज म्हणून नकाशा काढतो. तोवर लिंकला जमीन नकोच असते, ही मैत्री हवी असते, आणि तिची किंमत म्हणून तो सही करतो.

म्हणूनच दुसऱ्या दिवशीचा प्रसंग मला या चित्रपटातला सर्वांत त्रासदायक वाटतो. बायकोने पाठवलंय, सौदा रद्द करायचाय, म्हणून लिंक ऑफिसात येतो. त्याला खिडकीतून बघताच रोमा आणि लेव्हीन घाईघाईने दोन-चार वाक्यांत एक नाटक रचतात. लेव्हीन एका मोठ्या कंपनीचा बडा अधिकारी बनतो, रोमाला त्याला विमानतळावर सोडायला निघायचंय. आधी फारसं काही ठरलेलं नसताना दोघे एकमेकांचं वाक्य असं अलगद झेलतात की बघणारा हरखून जातो. लेव्हीनच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज येतं. आपण मनातल्या मनात म्हणतो, जमू दे यांचं. आणि मग लक्षात येतं की आपण एका भित्र्या, साध्या माणसाच्या फसवणुकीला साथ देतोय. कळस म्हणजे निघताना माफी लिंकच मागतो. मी तुमचा विश्वासघात केला, मला माफ करा, असं तो रोमाला म्हणतो. लुबाडला गेलेलाच अपराधी वाटून घेऊन जातो. मॅमेट यांनी इथे कोणालाही भाषण दिलेलं नाही, कोणी बरोबर-चूक सांगत नाही, म्हणून ते बोचतं.

हे नाटक मोडतं मॅनेजर विल्यमसनच्या एका वाक्याने. केविन स्पेसीने साकारलेला हा माणूस कधी रस्त्यावर उतरून विक्री करत नाही, कारकुनी करतो, म्हणून सगळे त्याला तुच्छ लेखतात. लिंकला धीर द्यावा म्हणून तो सांगून टाकतो की तुमचा करार तर गेलासुद्धा बँकेत. रोमा हेच तर लपवत होता. लिंक पळतो, सौदा बुडतो. रोमा विल्यमसनला फाडून खातो आणि आत जबाब द्यायला जातो. आता ताव येतो लेव्हीनला. सकाळीच त्याने एका म्हाताऱ्या जोडप्याला ८२,००० डॉलरची जमीन विकलीय, अंगात पुन्हा जुना जोश आहे. तोही विल्यमसनला शिकवू लागतो. आणि त्या भरात म्हणून जातो की एखादी गोष्ट रचून सांगायची असेल तर तिचा उपयोग होईल अशी तरी सांगावी.

रचून सांगितली हे त्याला कसं माहीत? विल्यमसन रोज संध्याकाळी करार बँकेत नेतो, फक्त काल नेला नव्हता. करार टेबलावरच होता. ते फक्त त्यालाच दिसलं असणार जो रात्री त्या खोलीत होता.

इथे स्पेसीकडे बघा. तो आवाज चढवत नाही. प्रश्न विचारतो आणि थांबतो. लेव्हीन बोलतच जातो, आधी उडवाउडवी, मग हसणं, मग लाच, मग मुलीचं नाव. संपूर्ण चित्रपटात ज्याला बोलता येत नाही म्हणून हिणवलं, तो एकटाच दुसऱ्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकतो, आणि त्यानेच बाजी मारलेली असते. वर तो लेव्हीनला सांगतो की सकाळचा तो सौदाही पोकळ आहे, ते जोडपं वेडसर आहे, त्यांना फक्त सेल्समनशी बोलायला आवडतं. म्हणजे ज्या विजयाच्या धुंदीत लेव्हीनची जीभ सैल सुटली तो विजयही नव्हता. मला तरी यापेक्षा घट्ट बांधलेली पटकथा क्वचितच आठवते : पहिल्या अर्ध्या तासात लेव्हीन याच विल्यमसनकडे आपल्या कमाईतला २० टक्के वाटा आणि दर लीडमागे ५० डॉलर देण्याच्या बोलीवर चांगल्या लीड्स मागतो, आणि रोख जागेवर देता येत नाही म्हणून हात हलवत परत जातो. तेव्हा खिशात थोडे डॉलर असते तर पुढचं बरंचसं घडलंच नसतं.

लेव्हीन साकारणाऱ्या जॅक लेमन यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. विनोदी भूमिकांसाठी प्रिय असलेला हा नट इथे फोनवर नसलेल्या सेक्रेटरीला हुकूम सोडतो, पावसात भिजत एका घराच्या दारात उभा राहून नको असलेल्या माणसाशी गोड बोलतो, आणि घरमालक त्याला अगदी सभ्यपणे बाहेर काढतो. त्या घरातली त्यांची उसनी हसतमुख लगबग बघवत नाही. व्हेनिस महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ऑस्करचं नामांकन मात्र पचिनोला, तेही सहाय्यक अभिनेत्याचं. तिकीटबारीवर चित्रपटाने खर्चही भरून काढला नाही.

नाटकाचं म्हणाल तर जरूर वाचा, पण चित्रपटानंतरच. ते पहिल्यांदा १९८३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये झालं, तिथवर ते पोचलं ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांच्यामुळे, आणि १९८४ साली त्याला नाटकासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. वाचताना अडखळणारी, अर्धवट सोडलेली वाक्यं सुरुवातीला कंटाळा आणतील, मोठ्याने वाचलीत तर त्यांची लय सापडेल. आणि शेवटाकडे खास लक्ष द्या. चित्रपटात रोमा लेव्हीनला म्हणतो की आपल्यासारखे आता थोडेच उरलेत, एकत्र राहायला हवं, आणि ते खरं वाटतं. नाटकात रोमा हेच बोलतो, पण लेव्हीन आत जाताच मॅनेजरला बजावतो की माझं ते माझंच, पण याच्या कमाईतला अर्धा वाटा मला हवा. चित्रपटाने ही ओळ गाळली. मला वाटतं ती ठेवायला हवी होती. शंभर मिनिटांत एकमेव खरी वाटलेली मैत्रीही एक सौदाच होता, हे कळल्यावर बारमधलं रोमाचं सगळं बोलणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावंसं वाटतं.