मिनेसोटात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाताना काय तयारी करावी?

तुम्ही एच-१बी व्हिसावर आहात, ऑफिसातल्या मंडळींबरोबर नोव्हेंबरात उत्तर मिनेसोटात रायफलच्या सीझनला जाणार आहात, आणि थंडीत काय काळजी घ्यायची, हरीण पडल्यावर काय करायचं असं विचारलंय.

आधी कायदा, कारण तो बरोबरच्या अमेरिकन मित्रांनाही बहुधा माहीत नसतो. एच-१बीवाल्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघीय कायद्याने गुन्हा आहे. त्यातला एक अपवाद म्हणजे चालू शिकार-लायसन्स. त्यामुळे लायसन्स हातात येईपर्यंत मित्राची रायफलसुद्धा जवळ ठेवू नका. ३१ डिसेंबर १९७९ नंतरचा जन्म असेल तर लायसन्ससाठी बंदूक-सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. टोपी आणि कमरेवरचे बाहेरचे कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत.

थंडीत खरा शत्रू घाम. पहाटे अंधारात सगळे कपडे चढवून बर्फातून मचाणापर्यंत चालत गेलात की आतला थर भिजतो, आणि एकदा बसलात की तासाभरात हुडहुडी भरते. चालताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाला. जाड जॅकेट पाठीवरच्या पिशवीला बांधून न्या आणि पोचल्यावर अंग निवलं की चढवा. आतला थर मेरिनो लोकरीचा घ्या; सुती काहीच नको, चड्डीसुद्धा नाही. बूट फेल्टच्या अस्तराचे, अर्धा नंबर मोठे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तपुरवठा दबतो आणि बोटं उलट लवकर गारठतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, तो बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं राहतं.

मचाणावर, म्हणजे ट्री-स्टँडवर, चढताना हार्नेसचा, म्हणजे पडताना अंग धरून ठेवणाऱ्या साजाचा, पट्टा जमिनीपासूनच झाडाला बांधलेल्या दोराला अडकवलेला हवा. लोक पडतात ते बहुतेक वेळा चढता-उतरताना, दवाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर. रायफल रिकामी करून, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. रात्री ती उबदार केबिनमध्ये आणू नका: गार धातूवर पाणी धरतं, सकाळी बाहेर नेल्यावर तेच गोठतं. रिकामी, केसमध्ये, कुलूपबंद थंड गाडीत ठेवा. बोल्टमधलं, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांडीतलं, जास्तीचं तेलही पुसून काढा, थंडीत ते घट्ट होऊन फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा, जोर कमी करतं.

गोळी झाडायची ती हरीण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. पलीकडे गोळी अडवणारी माती दिसत नसेल, हरीण टेकाडाच्या माथ्यावर आकाशासमोर उभं असेल, तर झाडायचीच नाही.

त्यानंतर मात्र घाई सगळं बिघडवते. बर्फावर रक्त स्पष्ट वाचता येतं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून माग काढा. गडद असेल तर बहुधा यकृत, तीन-चार तास. हिरवट, दुर्गंधी येणारं काही दिसलं तर गोळी पोटात लागली आहे. खूण करून गुपचूप मागे फिरा आणि सहा ते आठ तास जाऊ द्या. बर्फ पडू लागला की माग बुजेल या भीतीने माणूस लगेच निघतो. पण पोटात लागलेलं हरीण जवळच बसतं, उठवलं तर कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि रक्त फारसं गळत नाही. त्या जनावराचे हालही वाढतात, म्हणून संयम ठेवाच.

सापडलं की मागून जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच हात लावा. लायसन्सबरोबरचा टॅग, म्हणजे हरणाची चिठ्ठी, जागेवरच पूर्ण करा. मग रबरी हातमोजे घालून, पात्याची धार वर आणि खाली दोन बोटं ठेवून, ओटीपोटापासून छातीच्या हाडापर्यंत फक्त कातडी आणि स्नायू कापा. जठर किंवा मूत्राशय फुटलं की मांसाला वास लागतो. छाती-पोटामधला पडदा कापा, आत हात घालून श्वासनळी वर जाईल तितकी वरून तोडा, आणि सगळं एकदम बाहेर ओढा. बाहेर उणे दहा असलं तरी हे तातडीने करायचं, कारण पोकळ केसांची ती कातडी उष्णता कोंडून ठेवते आणि मांडीच्या हाडालगतचं मांस आधी आंबतं. बरगड्या काठीने ताणून उघड्या ठेवा. ओढताना डोकं पुढे, म्हणजे केसांच्या दिशेने. स्लेज असेल तर उत्तम. ४८ तासांच्या आत हरणाची सरकारी नोंदणी करा, तुकडे करण्याआधी.

टांगायला ० ते ४ अंश सेल्सिअसची जागा बघा. ताजं मांस आखडण्याआधीच गोठलं तर चिवट होतं.

चरबी सगळी काढून टाका, ती टाळूला मेणासारखी चिकटते. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने छाटा. शिशाच्या गोळीचे कण लांबवर जातात. तांब्याची गोळी त्याहून बरी. सीडब्ल्यूडी या हरणांच्या आजाराची तपासणी करून घ्या आणि निकाल येईपर्यंत खाऊ नका. त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, कुकरच्या कितीही शिट्ट्यांनी मरत नाहीत. मेंदू, पाठीचा कणा आणि मानेतल्या गाठी स्वयंपाकघरात आणूच नका. निकाल चांगला आला तर खांदा आणि पायाचं मांस रश्श्याला ठेवा, दोन-अडीच तास मंद आचेवर. पाठीलगतची पट्टी मात्र तव्यावर, आतून गुलाबी असतानाच उतरवा.