ट्रक गेला तरी कारचा अलार्म कोकलतो. शॉक सेन्सर कुठे बसवावा, किती अ‍ॅडजस्ट करावा, आणि नवा घ्यायचा तर कुठल्या कंपनीचा?

सेन्सर किती तिखट ठेवायचा ते ठरवणारा स्क्रू त्याच्या डबीवर असतो; त्याला हात लावायच्या आधी सेन्सर जागेवर आहे का ते बघा. मी हे नऊ महिने उशिरा बघितलं.

आम्ही नाशिकला सिडकोत, त्रिमूर्ती चौकाजवळ राहतो. पार्किंग म्हणजे घरासमोरचा रस्ता. जुनी वॅगनआर घेतली तेव्हा लोकल अलार्म बसवून घेतला, तोच तो सहा आवाज आलटून पालटून काढणारा. पहाटे साडेचारला दुधाचा टेम्पो गतिरोधकावरून धाडकन उतरला की सहाही आवाज व्हायचे. पहिला आठवडा शेजारी गॅलरीत येऊन बघायचे. मग वरच्या आजी सोडून कुणी बोलेना, आणि त्या जे बोलायच्या ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी शेवटी तर मीसुद्धा डोळे न उघडता उशीखालचा रिमोट दाबायचो. अशाच एका रात्री दाबला आणि सकाळी बघतो तर चारही व्हील कॅप गायब. म्हणजे त्या रात्री अलार्म खरा वाजला होता.

आमचे साडूभाऊ भगूरला असतात. त्यांचं ठाम मत, "सेन्सर फुलच पाहिजे. कमी ठेवला तर काय उपयोग? चोर काय ढोल वाजवत येणार आहे का?" फिटरचं मत उलटं. दर खेपेला तो स्क्रू पाव फेरा मागे घ्यायचा आणि शंभर रुपये घ्यायचा. दोघांपैकी एकानेही खाली वाकून डबी बघितली नाही. मीही नाही, ते सोडा.

एका रविवारी स्टिअरिंगखालचं पॅनल काढलं आणि मोबाइलचा टॉर्च दातात धरून आडवा झालो. सेन्सर स्वतःच्या वायरींवर लोंबकळत होता! फिटरने तो डबल टेपने एसीच्या प्लास्टिक डक्टला चिकटवलेला. उन्हाळ्यात टेपचा डिंक झाला आणि डबी सुटली. बोटाने जरा ढकलली तर शेजारच्या ब्रॅकेटवर टक् करून आपटली. आत पिझोची चकती असते, नाहीतर कॉइलजवळ डुलणारं चुंबक. धक्का बसला की क्षणभर व्होल्टेज निघतं. डबीच झोके घेत असेल तर तिला चोर काय आणि टेम्पो काय, सारखेच.

डॅशबोर्डखाली न हलणारी लोखंडी पट्टी असते, तिला दोन झिप टायनी आवळली. बोटाने हलवून हलता कामा नये. स्टिअरिंगच्या फिरत्या भागाला, पेडलला बांधू नका. बॉनेटखाली तर नकोच, तिथे उष्णता आणि पाणी दोन्ही. लोखंडावर सेन्सर जास्त तिखट होतो. स्क्रू अगदी कमीला नेऊनही टेम्पोला वाजत असेल तर जाड वायरिंगच्या जुडग्याला घट्ट बांधा, थोडा मवाळ होतो.

मग स्क्रू. आधी पूर्ण कमी करा. दारं लावा, लॉक करा, अर्धा मिनिट थांबा. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर तळहाताच्या टाचेने मारा. काचेवर नको, बॉनेटवरही नको, पोचा येईल. वाजला नाही तर केसभर वाढवा आणि परत मारा. दोन टप्प्यांचा सेन्सर असेल तर हलक्या थापेला नुसती चिवचिव आणि जोरात मारल्यावर पूर्ण सायरन, असं जमलं की हात काढा. एकदा वाजला की शांत होऊ द्या, लगेच मारलेल्या थापेवरून काही कळत नाही. जमल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला. बाटली बायकोची होती, त्यावरून झालं ते वेगळं.

हां, माझ्या डबीवर स्क्रू उजवीकडे फिरवला की वाढतं, तुमच्या डबीवर बघून घ्या. स्टिअरिंगखाली पिवळे कनेक्टर किंवा पिवळं आवरण असलेल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना बिलकूल हात लावू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं विसरा, शोरूमला न्या. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

कंपनीचं म्हणाल तर कुठलीही घ्या, बसवणारा डोळ्यांसमोर ठेवा.

साडूभाऊंनी सेन्सर फुलवरच ठेवला. पण देवळालीत तोफखान्याचा सराव सुरू झाला की भगूरला खिडकीच्या काचा थरथरतात, आणि पहिल्या गोळ्यालाच यांची गाडी कोकलायची. दिवाळीत गेलो तेव्हा सहज खाली डोकावलो, तर सेन्सरची पिनच काढून ठेवलेली. जेवताना मात्र म्हणाले, "फुलच पाहिजे." मी श्रीखंड मागून घेतलं.