ईबी-5चा व्हिसा अडकलाय आणि लग्न तोंडावर आलंय. बायकोचं नाव कसं जोडू?

प्रश्न : मी नागपूरचा, वय 36. अमेरिकेच्या ईबी-5 योजनेत (गुंतवणुकीवर कायम रहिवासाचा व्हिसा देणारी योजना) सर्वसाधारण, म्हणजे राखीव नसलेल्या गटात गुंतवणूक केली तेव्हा अविवाहित होतो. पिटिशन, म्हणजे गुंतवणूकदार म्हणून केलेला मूळ अर्ज, मंजूर झाली, आता व्हिसा नंबरची वाट पाहतोय. मार्गशीर्षात लग्न आहे. मुलीचा जन्म ओमानमधल्या मस्कतचा, वाढली नागपुरातच. तिच्यासाठी पुन्हा गुंतवणूक करावी लागेल का? व्हिसा आधी आला तर एकट्यानं एकदा जाऊन यावं आणि मग लग्न करावं, असं घरचे म्हणतात.

उत्तर : घरच्यांचं हे मात्र कृपा करून ऐकू नका. कायम रहिवासी म्हणून तुम्ही अमेरिकेत पाऊल ठेवण्याआधी लग्न झालेलं हवं. तसं झालं तर पत्नीला तुमच्याच मंजूर पिटिशनवर, तुमच्याच प्राधान्य तारखेनं (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) व्हिसा मागता येतो. जादा एक डॉलरही गुंतवावा लागत नाही. तिचा डीएस-260 फॉर्म (स्थलांतर व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), फी आणि कागदपत्रं लागतात. साखरपुडा यात धरत नाहीत. प्रवेशानंतर दुसऱ्याच दिवशी लग्न केलंत तरी हा हक्क गेला. मग ग्रीनकार्डधारक, म्हणजे कायम रहिवासी, म्हणून पत्नीसाठी आय-130 हा कौटुंबिक अर्ज भरायचा आणि वेगळ्या रांगेत थांबायचं. संसाराची पहिली वर्षं अशी दोन देशांत काढणारी जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीनं सांगते.

तुम्ही ओघात लिहिलेलं मस्कत मला फार मोलाचं वाटतं. व्हिसाची रांग जन्मदेशावरून ठरते, पासपोर्टवरून नाही. तुमच्या गटात भारतात जन्मलेल्यांची रांग आहे, ओमानची नाही. पती-पत्नी बरोबर स्थलांतर करणार असतील, तर एकाच्या जन्मदेशाचा फायदा दुसऱ्याला मागता येतो. म्हणजे या लग्नानं तुमचाच नंबर आधी लागू शकतो! अमेरिकेतल्या वकिलांना हे आजच लेखी कळवा. सासऱ्यांना तिचा ओमान सरकारचा मूळ जन्मदाखला शोधून ठेवायला सांगा. भारतीय दूतावासातल्या नोंदीवर भागेल, असं गृहीत धरू नका. दाखला अरबीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

लग्न लागलं की महापालिकेच्या झोन कार्यालयात नोंदणी करा. राज्याच्या 1998च्या कायद्यात त्यासाठी 90 दिवस आहेत, पण तुम्ही पहिल्याच आठवड्यात जा. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव, आडनाव, कधी पहिलं नावही बदलतं. पासपोर्ट बदलायची घाई नको. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. फॉर्ममध्ये मात्र आधीची-नंतरची सगळी नावं लिहा.

तुमचा डीएस-260 'अविवाहित' म्हणून भरून झाला असेल, तर विवाह प्रमाणपत्र हाती येताच नॅशनल व्हिसा सेंटरला (मुलाखतीआधी कागदपत्रं गोळा करणारं अमेरिकी सरकारी केंद्र) कळवा. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख त्याआधीच मिळाली, तर पत्नीची फाइल जोडली जाईपर्यंत ती पुढे ढकलून मागा.