मोजेसुद्धा काढ

त्वचेच्या कॅन्सरने मित्र वारल्यावर तुझ्या मनात भीती बसली, हे मला कळतं. ऑस्ट्रेलियात राहतोस, तर आधी तुझ्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, डोक्यापासून पायापर्यंत कातडीची तपासणी करून घे. पुन्हा कधी यायचं, ते तेच सांगतील.

आपल्या सावळ्या कातडीला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, क्वचित होतो. पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, आणि ठेच लागली असेल म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याला तो पायाच्या नखाखालीच झाला होता. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला. म्हणून मोजे काढ, बोटांच्या बेचक्याही दाखव. नखावरची काळी रेघ रुंदावत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नकोस.

घरी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात सगळं अंग बघ, पाठ बायकोला बघायला सांग. तीळ बदलतोय का, कडा वेड्यावाकड्या झाल्यात का, जखम भरत नाहीये का? शंका आली की मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढ आणि लगेच डॉक्टरांना दाखव. रोज मात्र आरशासमोर उभा राहू नकोस रे, त्याने झोप उडते फक्त. बायोप्सी सांगितली तर घाबरू नकोस, बहुतेकदा तेवढ्या जागेपुरती भूल देऊन तो डाग किंवा त्याचा छोटा तुकडा तपासायला काढतात.